दुःख, श्रद्धा आणि शील : पंडिता रमाबाईंच्या जीवनाच्या आधारे एक विचार



ज्या धर्माचे मुख्य चिन्हच मृत्युदंडाचे साधन आहे, त्या धर्माला दुःखाचा प्रश्न टाळता येत नाही. रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना ज्यावर खिळून, तासन्‌तास तडफडत ठेवून ठार मारीत असत तो वधस्तंभ, म्हणजेच क्रूस, आज देवळांच्या शिखरांवर आणि कबरींच्या शिळांवर इतका परिचयाचा झाला आहे की त्यातील मूळची भयानकता पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. असेच काहीसे एका विधानाचेही झाले आहे. दुःखाने श्रद्धा बळकट होते आणि माणसाचे शील घडते, हे वाक्य प्रवचनांतून, दफनविधीच्या वेळी, आजाऱ्याच्या उशाशी इतक्या सहजतेने उच्चारले जाते की ते खरे आहे किंवा नाही हे तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. ते खरे आहे काय? खरे असल्यास कोणाच्या बाबतीत आणि कोणत्या अटींवर? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते सांगण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नांचा विचार नुसत्या तत्त्वचर्चेने पुरा होत नाही, त्यासाठी एखादे जगलेले आयुष्य समोर असावे लागते. आणि मराठी ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतके या कामी उपयोगी पडणारे दुसरे आयुष्य क्वचितच सापडेल. मात्र त्या आयुष्याकडे वळण्यापूर्वी स्वतः बायबल या विषयावर काय म्हणते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण दुःखाच्या नावाने बायबलच्या पदरी जे बांधले जाते त्यातील बरेचसे बायबलमध्ये नाहीच.

जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ हा या विषयाचा प्राचीन आणि सर्वांत निर्भय ग्रंथ होय. ईयोब हा नीतिमान पुरुष. त्याची संपत्ती जाते, मुले मरतात, अंगभर गळवे उठतात, आणि त्याचे तीन मित्र समाचाराला येतात. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ एक शब्दही न बोलता बसून राहतात आणि संपूर्ण ग्रंथात त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले कृत्य हेच म्हणावे लागेल. कारण बोलू लागताच ते त्याला समजावू लागतात की तुझ्या दुःखामागे तुझेच काही पाप असले पाहिजे. ईयोब हे मानत नाही. तो देवाशी वाद घालतो, आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, देवाने आपल्यापुढे येऊन उत्तर द्यावे अशी मागणी करतो. ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो तो कोणावर? भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर. दुःखिताला त्याच्या दुःखाचा अर्थ बाहेरून समजावून देणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, या शेवटापाशी थांबून विचार करण्यासारखे आहे.

स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापस्तोत्रे आहेत. विलापस्तोत्र म्हणजे ज्यात भक्त आपली व्यथा, तक्रार, कधी कधी राग देवापुढे उघडपणे मांडतो असे गीत. देवाने सोडून दिल्याची तक्रार करणाऱ्या बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द वधस्तंभावर येशूच्या तोंडी आले, असे शुभवर्तमानकार मत्तय आणि मार्क सांगतात. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी केंद्रस्थानी जो क्षण आहे, त्या क्षणी तक्रार आहे, प्रश्न आहे. ज्या श्रद्धेत तक्रारीला जागा नाही ती श्रद्धा बायबलमधील श्रद्धेहून अधिक सोवळी असेल, अधिक बळकट खचित नव्हे.

संत पौल मात्र दुःखाविषयी काही होकारार्थी बोलतो आणि पुढील सारी ख्रिस्ती शिकवण बव्हंशी त्याच्यावरच उभी आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याने एक क्रम मांडला आहे : संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील, आणि शीलातून आशा. या क्रमाविषयी दोन गोष्टी सहसा नजरेआड होतात. पहिली अशी की संकट आणि आशा यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेळ घेतात. कधी वर्षे, कधी आयुष्य. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. हे लिहिणारा पौल फटके खाल्लेला, तुरुंगात पडलेला, जहाज फुटून समुद्रात सापडलेला माणूस होता. शरीरातील एका सलणाऱ्या काट्याविषयी त्याने तीनदा प्रार्थना केली आणि तो काटा निघाला नाही, असे त्याने स्वतःच करिंथच्या मंडळीला कळविले आहे. तो स्वतःसकट बोलत होता. ते त्याचे साक्षवचन होते. तेच वाक्य सुखात बसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घावावर ठेवले की ते ईयोबाच्या मित्रांचे वाक्य होते, आणि शब्द तेच असूनही त्याची सत्यता उरत नाही.

साक्षवचन आणि उपदेश यांतील हा भेद लक्षात ठेवून रमाबाईंच्या आयुष्याकडे वळावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैदिक परंपरेतील विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना ज्ञातीचा रोष पत्करावा लागला, आणि पुढे हे सारे कुटुंब पुराणे सांगत वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने शास्त्राने सांगितलेले सर्व काही केले. उपास केले, जप केले, होते नव्हते ते द्रव्य दानधर्मात वेचले. आणि अखेर वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या काळाच्या अंतराने गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना म्हणून रमाबाईंनी ती वाहिली आणि उंची कमी असल्याने तिरडीचा भार डोक्यावर घेतला, अशी हकीकत सांगितली जाते.

या दुःखाने रमाबाईंची श्रद्धा बळकट झाली काय? नाही. या दुःखाने त्यांची श्रद्धा मोडली. बंधू श्रीनिवास आणि रमाबाई अर्धपोटी, अनवाणी, हजारो मैलांची पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले तेव्हा परंपरागत व्रतवैकल्यांवरील दोघांचाही विश्वास उडत चालला होता. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव करून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, म्हणजे ज्या काळात लोक त्यांना विद्येची देवता म्हणत होते त्याच काळात त्या आतून रित्या होत होत्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. चोविशीच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि पती यांना पोचवून आलेली, कडेवर मूल असलेली ही स्त्री पुण्यास आली आणि त्याच वर्षी तिने आर्य महिला समाज स्थापन केला.

येथे क्षणभर थांबणे इष्ट आहे. दुःखाने श्रद्धा वाढते असे म्हणणाऱ्यांच्या मनात जो क्रम असतो, त्यात श्रद्धा आधीची असते, मग दुःख येते आणि दुःखाच्या कसोटीतून तीच श्रद्धा उजळून निघते. रमाबाईंच्या बाबतीत असे काही घडले नाही. जुनी श्रद्धा दुःखात गेली, आणि पुढे जी आली ती वेगळी होती. तिचा पायाच वेगळ्या प्रश्नावर होता. त्यांचा पहिला प्रश्न असा होता की देव प्रसन्न कशाने होतो. दुष्काळाने त्या प्रश्नाचे सारे जुने उत्तर खोडून टाकले. दुसरा प्रश्न त्यांना इंग्लंडमध्ये सापडला.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन संन्यासिनींच्या मठात राहिल्या. बहिरेपण वाढत गेल्याने वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. अशा दिवसांत मठातील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील एक आश्रम दाखविला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे आणि पुढे त्यांच्यातीलच काही इतर आजाऱ्यांची सेवा करीत. असे का करता, या प्रश्नाला भगिनींनी उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखविली. विहिरीवर एकटीने पाणी भरायला येणाऱ्या, पाच नवरे झालेल्या, परक्या जमातीच्या बाईशी येशू बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो आणि तिला हिणवत नाही, अशी ती कथा आहे. ज्या धर्मशास्त्रांत रमाबाई वाढल्या त्यांत आपल्यासारख्या स्त्रीला काय स्थान आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. देव प्रसन्न कशाने होतो हा प्रश्न येथे मागे पडला. देव कोणाजवळ येऊन बसतो, हा प्रश्न त्याच्या जागी आला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा जलसंस्कार, स्वीकारला.

तरीही त्यांनी आपली विवेकबुद्धी मंडळीच्या स्वाधीन केली नाही. हा भाग चरित्रकार पुष्कळदा घाईने उरकतात. वास्तविक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अत्यंत महत्त्वाचा आहे. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शिकेशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्यासारख्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे या सिद्धांतासारख्या मूलभूत शिकवणींविषयी त्या शंका विचारतात, आज्ञाधारकपणाचा उपदेश नाकारतात, आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यासाठी आपण आलो नाही हे स्पष्ट करतात. हा हट्टीपणा होता काय? त्यांच्या उपकारकर्त्यांना तसे वाटले. पण जिने नियमांचे शब्दशः पालन करणाऱ्या आईबापांना उपाशी मरताना पाहिले, तिला निमूट आज्ञापालनाचे मोल पटावे कसे? दुःखाने शील घडते असे म्हणताना बहुतेकांच्या मनात सोशिकता असते, मान खाली घालणे असते. रमाबाईंच्या शीलात दुःखाने जे घडविले ते मान वर ठेवण्याचे सामर्थ्य होते. ज्याने सर्व काही एकदा गमावले आहे त्याला आश्रयदात्याची मर्जी गमावण्याचे भय फारसे उरत नाही. आणि हे निर्भयपणही शीलाचेच अंग आहे, हे ख्रिस्ती नीतिविचारात पुरेसे मान्य झालेले नाही.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू केली; पुढे ते सदन पुण्याला गेले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. रमाबाईंच्या खोलीत त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी काही हिंदू मुली येऊन बसतात यावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या सुमाराची एक नोंद मोलाची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. पौलाच्या क्रमातील पायऱ्या वर्षे घेतात असे वर म्हटले, त्याचे याहून प्रामाणिक उदाहरण कोठे मिळणार?

१८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या हाताशी पैसा नव्हता, संस्था नुकतीच वादळातून सावरत होती, आणि शहाणपण असे सांगत होते की आहे तेवढ्या मुली सांभाळाव्यात. पण दुष्काळाचे वर्णन ऐकताच स्वतःची वीस वर्षांपूर्वीची भूक त्यांना आठवली, आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांमध्ये आणि गरीबखान्यांमध्ये इतर पाहुण्यांना भुकेलेला जमाव दिसला. रमाबाईंना त्या जमावातील एकट्या पडलेल्या मुली दिसल्या, त्यांच्याभोवती घुटमळणारे दलाल दिसले, आणि रक्षणासाठी नेमलेल्यांपैकीच काही जण भक्षक झालेले दिसले. काय पाहायचे हे त्यांना ठाऊक होते, कारण त्या स्वतः त्या वयात त्या वाटेवर चालल्या होत्या.

शील म्हणजे काय, याची व्याख्या या ठिकाणी करता येईल. संकटात टिकून राहणे एवढ्याने शील पुरे होत नाही. दगडही टिकून राहतो. आपल्या दुःखाने दुसऱ्याच्या दुःखाची नेमकी ओळख पटणे आणि ओळख पटल्यावर आपल्या सोयीचा विचार बाजूला सारून त्या दिशेने पाऊल पडणे, हे ख्रिस्ती अर्थाने शील होय. दुःख भोगलेली असंख्य माणसे याच्या अगदी उलट्या दिशेने जातात. आपण सोसले, मग इतरांनीही सोसावे, असे सासू झालेली सून म्हणते आणि अधिकारी झालेला कारकून म्हणतो. म्हणून दुःख आपोआप कोणालाच घडवीत नाही. एकच दुष्काळ एका मनाला कवच चढवितो आणि दुसऱ्या मनाचा दरवाजा उघडतो, आणि यांतील कोणते होईल हे त्या दुःखाच्या मोजमापावर ठरत नाही. ख्रिस्ती विचार यालाच कृपा म्हणतो. कृपा म्हणजे माणसाच्या कमाईवर अवलंबून नसलेले देवाचे देणे.

त्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना, म्हणून आधीच घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन सुरू झाले. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे जे हाल झाले त्यांवर त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारवर कडक टीका केली; राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत या विचाराने त्यांची लेखणी अडखळली नाही. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावी राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन. शिवाय शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. बार्तीमी हे शुभवर्तमानातील त्या अंध भिकाऱ्याचे नाव, ज्याला गप्प राहण्यास लोकांनी दटावले आणि जो अधिकच मोठ्याने ओरडला. संस्थेला हे नाव देणाऱ्या बाईने विलापस्तोत्रांचा अर्थ नीट जाणला होता.

दुष्काळात मंडळीत आलेल्यांवर पोटार्थी ख्रिस्ती असा शिक्का त्या काळी मारला गेला आणि तो अजूनही पुसलेला नाही. अहमदनगर जिल्ह्यातील गावोगावच्या ज्या महार-मांग कुटुंबांनी त्या दशकांत बाप्तिस्मा घेतला त्यांच्या वाट्याला हा टोमणा आणि गावाच्या पाणवठ्याची बंदी अशा दोन्ही गोष्टी आल्या. परंतु भुकेल्याची श्रद्धा पोट भरलेल्याच्या श्रद्धेहून हलकी का समजावी? येशूने लोकांना भाकरी दिली तेव्हा तुमची श्रद्धा शुद्ध आहे काय, अशी चौकशी आधी केली नाही. ज्यांनी आत्मचरित्रे लिहिली त्यांचे दुःख इतिहासात नोंदले गेले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची श्रद्धा त्यांच्या नातवंडांच्या शाळेत, दवाखान्यातील नोकरीत आणि रविवारच्या उपासनेत उरली आहे, आणि त्या श्रद्धेचा अभ्यास अजून व्हावयाचा आहे.

या चर्चेला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल : श्रद्धावान माणसाचे श्रद्धेसाठीचे दुःख पुष्कळदा दुसऱ्यालाच भोगावे लागते. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो त्यांच्या विवेकबुद्धीचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतः न घेतलेल्या निर्णयाची किंमत मोजली. सधवा असून नवऱ्याविना, लहान मुलाला घेऊन, सोयऱ्यांच्या आश्रयाने त्यांना काही वर्षे काढावी लागली. पुढे त्या पतीकडे परत आल्या, माहेरच्या अतिरेकी सोवळ्याचा पगडा त्यांच्या मनावरून हळूहळू उतरला, आणि मग स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनाचे मोठेपण असे की त्या काळातील यातनांना त्यांनी कोठेही पवित्र म्हटलेले नाही. जे दुःख होते ते दुःखच म्हणून सांगितले आहे, हसत सांगितले आहे, आणि टिळकांवरील प्रेम किंचितही न लपविता सांगितले आहे. दुःखाला चांगले न म्हणताही त्यातून गेलेली श्रद्धा चांगली असू शकते, हे त्या पुस्तकाइतके स्पष्टपणे मराठीत अन्यत्र दिसत नाही.

म्हणूनच मारहाण सोसणाऱ्या पत्नीला, बहिष्कृत कुटुंबाला किंवा असाध्य रोगाने पिडलेल्याला हा तुमचा क्रूस आहे, तो निमूट वाहा, असे सांगणारा ख्रिस्ती उपदेश या परंपरेच्या नावाने चुकीचे बोलतो. येशूने स्वतःचा क्रूस उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवण्याचे काम शुभवर्तमानात रोमन शिपाई करतात. आणि गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली ती हा प्याला टळावा म्हणून, हेही विसरता कामा नये. टाळता येण्यासारखे दुःख टाळणे, हटविता येण्यासारखे हटविणे, हे ख्रिस्ती कर्तव्यच आहे. केडगाव ज्यासाठी उभे राहिले ते हेच. जे हटत नाही त्याच्याविषयीच पौलाचा तो क्रम आहे, आणि त्याची शेवटची पायरी आशा ही आहे.

ही आशा म्हणजे पुढे सारे ठीक होईल असा अंदाज नव्हे. रमाबाईंच्या आयुष्याच्या शेवटी तसे काही झाले नाही. मनोरमा शिकून आली होती, शारदा सदनाचा आणि अंध विद्यार्थिनींच्या शिक्षणाचा भार तिने उचलला होता, आणि आईनंतर मुक्तीचा कारभार तीच पाहील हे सर्वांनी गृहीत धरले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. जिने आईपासून पतीपर्यंत सर्वांना पोचविले होते तिने अखेर एकुलत्या एका मुलीलाही पोचविले. त्या वेळी रमाबाईंच्या हाती एक काम होते. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आणण्याचे हे काम त्यांनी अनेक वर्षांपूर्वी, उतारवयात त्या भाषा शिकून हाती घेतले होते. मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा भाषांतर पुरे झाले होते आणि छपाई चालू होती. मुक्तीतच शिकून तयार झालेल्या स्त्रियांनी केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवून, कागद छापून, पाने बांधून ते बायबल १९२४ मध्ये वाचकांच्या हाती दिले.